जुने स्टंटपट आणि जादूपट कसे पाहावेत, त्यांचे संगीत कसे ऐकावे

१९५० आणि १९६० च्या दशकांत मुंबईत कमी खर्चात तयार झालेल्या हिंदी स्टंटपटांकडे, जादूपटांकडे आणि पौराणिक चित्रपटांकडे आजचे रसिक बहुधा दोन चुकीच्या वाटांनी येतात. काहीजण मोबाइलवर फक्त गाणी ऐकतात आणि चित्रपट टाकाऊ ठरवून त्याकडे फिरकतच नाहीत. काहीजण मित्रमंडळी जमवून पुठ्ठ्याच्या राक्षसांवर हसण्यासाठी चित्रपट लावतात आणि गाणे आले की पुढे ढकलतात. या चित्रपटांमध्ये सर्वांत जास्त कसब संगीतात ओतलेले असते, आणि ते संगीत त्या पुठ्ठ्याच्या राक्षसासाठीच बांधलेले असते. त्यामुळे दोन्ही वाटांनी जाणाऱ्याच्या हाती अर्धाच ऐवज लागतो. पुढील टप्पे दिलेल्या क्रमानेच करावेत, कारण बहुतेक निराशा क्रम चुकल्यामुळे किंवा प्रत वाईट असल्यामुळे पदरी येते.

टप्पा १ : चित्रपट निवडणे आणि त्याची ओळख पक्की करणे

सुरुवातीला एकच चित्रपट निवडावा. माझी शिफारस 'पारसमणी' (१९६३) या चित्रपटाची आहे. दिग्दर्शक बाबूभाई मिस्त्री हे मुळात ट्रिक फोटोग्राफीचे उस्ताद होते आणि काळ्या पडद्यासमोर काळ्या दोऱ्याने वस्तू हलवण्याच्या युक्तीमुळे 'काला धागा' या नावानेच ओळखले जात. संगीतकार म्हणून लक्ष्मीकांत-प्यारेलाल यांचा प्रदर्शित झालेला हा पहिला चित्रपट आहे. पदार्पणात दोन तरुण किती त्वेषाने काम करतात, हे ऐकण्यासाठी यापेक्षा सोयीचे उदाहरण नाही.

चित्रपट शोधताना नावाबरोबर वर्ष, दिग्दर्शक आणि संगीतकार हे तीन तपशील लिहून घ्यावेत, कारण या प्रकारात एकच नाव पुन्हा पुन्हा वापरले गेले आहे. 'हातिमताई' १९५६ मध्ये होमी वाडिया यांनी केला, तेव्हा संगीत एस. एन. त्रिपाठी यांचे होते; त्याच नावाचा जितेंद्रचा चित्रपट १९९० मध्ये आला, तो बाबूभाई मिस्त्रींचा आणि संगीत लक्ष्मीकांत-प्यारेलाल यांचे. 'मिस्टर एक्स' (१९५७) ला एन. दत्ता यांचे संगीत आहे, तर 'मिस्टर एक्स इन बॉम्बे' (१९६४) हा वेगळाच चित्रपट आहे. त्यातले किशोरकुमारचे 'मेरे महबूब क़यामत होगी' गुणगुणणाऱ्या अनेकांना हे गाणे अदृश्य होणाऱ्या माणसाच्या चित्रपटातले आहे याची कल्पनाही नसते.

सावधान : नावावरून कथानकाचा अंदाज बांधू नये. 'किंग काँग' (१९६२) मध्ये महाकाय वानर शोधणाऱ्याला दारासिंग भेटतात आणि कुस्ती पाहावी लागते.

ओळख पक्की करण्यासाठी हरमंदिर सिंह 'हमराज़' यांनी संकलित केलेला 'हिंदी फ़िल्म गीत कोश' हे सर्वांत भरवशाचे साधन आहे. त्याचे खंड दशकवार आहेत आणि प्रत्येक चित्रपटाची गाणी, गायक, गीतकार असा तपशील त्यांत मिळतो. इंटरनेटवरच्या चित्रफितींखालील नावांवर विसंबू नये. संगीतकार, गीतकार आणि वर्ष यांपैकी किमान एक गोष्ट तिथे हमखास चुकलेली असते.

टप्पा २ : प्रत पूर्ण आहे का, हे तपासणे

हा टप्पा बहुतेक लोक वगळतात आणि नंतर 'कथेला काही अर्थच नाही' अशी तक्रार करतात. कित्येकदा कथेला अर्थ असतो, पण चार रिळे गायब असतात. जुन्या प्रती वितरकांनी कापलेल्या असतात, दूरचित्रवाणीसाठी पुन्हा कापलेल्या असतात, आणि व्हीसीडीच्या काळात तबकड्यांची संख्या कमी करण्यासाठी आणखी एकदा कातरलेल्या असतात. कात्री चालवायची वेळ आली की पहिला बळी गाण्याचा जातो.

तपासणीची सोपी पद्धत चित्रपटाच्या पहिल्या काही सेकंदांतच दिलेली असते. सेन्सॉर प्रमाणपत्र पडद्यावर येताच चित्र थांबवावे आणि त्यावरील रिळांची संख्या व लांबी टिपून घ्यावी. ३५ मि.मी. ची फिल्म सेकंदाला २४ चौकटी या वेगाने मिनिटाला ९० फूट, म्हणजे सुमारे २७.४ मीटर धावते. लांबी फुटांत असेल तर ९० ने आणि मीटरमध्ये असेल तर २७.४ ने भागावे, मिनिटे मिळतात. उदाहरणार्थ, प्रमाणपत्रावर ३,८०० मीटर लिहिले असेल, तर मूळ चित्रपट साधारण १३९ मिनिटांचा आहे. तुमच्या हातातील प्रत ११० मिनिटांची असेल, तर जवळजवळ अर्धा तास कुठेतरी हरवला आहे. प्रमाणपत्रच कापलेले असेल, तर तीही एक सूचना समजावी : ज्याने सुरुवात कापली, त्याने मधलेही सोडलेले नसणार.

यात एक गोम आहे. दूरचित्रवाणीच्या पाल पद्धतीत उतरवलेल्या प्रती सेकंदाला २५ चौकटींनी धावतात. त्यामुळे काहीही न कापता १३९ मिनिटांचा चित्रपट १३३ मिनिटांत संपतो, म्हणून पाच-सहा मिनिटांच्या फरकाने घाबरून जाऊ नये. मात्र अशा प्रतीत सगळा सूर चढलेला असतो. पांढरी एकमधले गाणे काळी एकच्या जवळ सरकते आणि लताबाईंचा आवाज आहे त्याहून कोवळा वाटतो. पेटी जवळ असेल तर एखाद्या गाण्याचा षड्ज तपासावा. तो दोन पट्ट्यांच्या मध्येच कुठेतरी लटकत असेल, तर वेग बदलल्याचा संशय घेण्यास हरकत नाही, आणि ती प्रत संगीताच्या अभ्यासासाठी बाजूला ठेवावी.

यानंतर गीत कोशातील किंवा गाण्यांच्या जुन्या पुस्तिकेतील यादी समोर ठेवून प्रत भराभर पुढे सरकवत प्रत्येक गाणे आहे की नाही, एवढेच पाहावे. थिएटरबाहेर विकल्या जाणाऱ्या या पुस्तिका मुंबईच्या चोर बाजारात आणि रद्दीच्या दुकानांत अजूनही मिळतात. त्यांच्यातील कथासार मात्र वाचू नये. ते अर्ध्यावर सोडून उरलेले पडद्यावर पाहायला सांगण्याची पद्धत होती, आणि त्या अर्ध्यातही बरेच काही फुटलेले असते.

तपासणी : लांबी जुळली का? सर्व गाणी आहेत का? गाणे अंतऱ्याच्या मध्येच तुटत तर नाही ना? तिन्ही उत्तरे समाधानकारक असतील तरच पुढे जावे. एखादे गाणे नसेल आणि दुसरी प्रत मिळत नसेल, तर ते गाणे कोणत्या प्रसंगानंतर यायला हवे याची नोंद करून तेवढ्यापुरते ध्वनिमुद्रण वेगळे तयार ठेवावे.

टप्पा ३ : पडदा आणि ध्वनी यांची मांडणी

चित्र जवळजवळ चौकोनी, म्हणजे ४:३ च्या प्रमाणात दिसले पाहिजे आणि दोन्ही बाजूंना काळ्या पट्ट्या राहिल्या पाहिजेत. आधीच आडदांड असलेले मल्ल चित्र ताणल्यावर हास्यास्पद दिसू लागतात, आणि तो दोष उगाच चित्रपटाच्या माथी बसतो. दूरचित्रवाणी संचातील हालचाल गुळगुळीत करणारी सोय बंद करावी.

ध्वनीच्या बाबतीत मोह टाळणे हेच मुख्य काम आहे. हा एकमार्गी (मोनो) ध्वनी आहे. त्याला सराउंड, बास वाढवणे किंवा खरखर काढून टाकणारी यंत्रणा लावली की मेंडोलिनची आणि सतारीची धार प्रथम जाते, आणि खरखर उरतेच. एक बऱ्यापैकी स्पीकर समोर ठेवावा. मोबाइलच्या स्पीकरवर ढोलकचा बायाँ जवळजवळ ऐकूच येत नाही, आणि या संगीताचा निम्मा जोर तिथेच असतो.

टप्पा ४ : पहिले दर्शन, सलग आणि गाण्यांसकट

पहिल्यांदा चित्रपट एका बैठकीत, मध्यंतरापुरता थांबून पाहावा. मध्यंतराची पाटी आली की खरोखरच उठावे. कथेतील पेच त्या पाटीच्या हिशेबाने बांधलेला असतो. महाराष्ट्रातल्या जत्रांमधून तंबूत हे चित्रपट पाहणाऱ्यांना तर रीळ बदलताना सक्तीची विश्रांती मिळत असे, आणि तेवढ्यात आजूबाजूला गाणे म्हणून पाहिले जाई.

श्रेयनामावली वगळू नये. तिच्यावर वाजणारा तुकडा अनेकदा चित्रपटातील एखाद्या गाण्याच्या चालीवर उभा असतो. तो ओळखता आला नाही तरी चालेल. पुढे ते गाणे आल्यावर कान आपोआप जागा होतो. सहायक संगीतकारांची नावे लिहून घ्यावीत, कारण आजचा सहायक पाच वर्षांनंतरचा संगीतकार असतो. चित्रगुप्त हे आधी एस. एन. त्रिपाठी यांचे सहायक होते, जी. एस. कोहली हे ओ. पी. नय्यर यांचे, आणि लक्ष्मीकांत-प्यारेलाल हे कल्याणजी-आनंदजी यांचे. ही साखळी कळली की चालींमधले नातेही ऐकू येऊ लागते.

या पहिल्या बैठकीत टिपणे काढू नयेत; फक्त प्रत्येक गाणे कोणत्या प्रसंगी आले, एवढे लक्षात ठेवावे. 'पारसमणी'तले 'वो जब याद आए' हे रफी-लता यांचे युगुलगीत रेडिओवर सर्वांनी ऐकलेले असते. चित्रपटात मात्र ते चमत्कार आणि तलवारबाजी यांच्या मधोमध येते, आणि त्याची संथ लय आजूबाजूच्या धावपळीला लगाम घालते. ही जागा पाहिल्याशिवाय त्या लयीचे कारण कळत नाही.

सावधान : पहिल्या दर्शनाला विनोद करणारी मंडळी बोलावू नयेत. दोरा दिसतो, हे सर्वांनाच दिसते. हसायचे असेल तर दुसऱ्या वेळी हसावे.

सावधान : चित्रपट दीडपट वेगाने पाहू नये. कंटाळवाणी वाटणारी विनोदी उपकथा सोसावी लागते. ती सोसल्यानंतर येणाऱ्या गाण्याचा दिलासा हा संगीतकाराच्या हिशेबात धरलेला असतो.

टप्पा ५ : तबकडीवरचे गाणे आणि चित्रपटातले गाणे यांची तुलना

चित्रपट पाहून झाल्यावर, शक्यतो दुसऱ्या दिवशी, गाण्यांची ध्वनिमुद्रणे ऐकावीत. हा क्रम उलटा केला की चित्रपटात गाणे येताच तुलना सुरू होते आणि प्रसंग निसटतो.

मिनिटाला ७८ फेऱ्या घेणाऱ्या जुन्या ग्रामोफोन तबकडीच्या एका बाजूवर सुमारे साडेतीन मिनिटेच मावत. म्हणून चित्रपटात तीन अंतरे असलेल्या गाण्याचे तबकडीवर दोनच अंतरे राहिलेले आढळतात, किंवा अंतऱ्यांमधले वाद्यांचे तुकडे आखूड झालेले असतात. उलट बाजूही घडते : तबकडीवरचा वाद्यमेळ अधिक स्वच्छ असतो आणि चित्रपटात त्याच तुकड्यावर घोड्यांच्या टापा पडलेल्या असतात. कोणती आवृत्ती 'खरी' हा वाद निष्फळ आहे. चाल आणि आवाज यांसाठी तबकडी, बांधणीसाठी चित्रपट, असे मी तरी मानतो.

तुलना करताना कागदावर तीनच गोष्टी लिहाव्यात : अंतरे किती, मुखड्याआधीचा तुकडा किती सेकंदांचा, आणि शेवट कसा होतो. चित्रपटातील गाणे अनेकदा दार उघडल्याने किंवा खलनायकाच्या आगमनाने तुटते, तर तबकडीवर ते हळूहळू विरत जाते.

सावधान : 'झंकार' असे लिहिलेली आवृत्ती चुकूनही वापरू नये. मूळ ध्वनिमुद्रणावर नंतरच्या काळात विजेरी ठेका चढवलेला असतो. तुम्ही ज्या ढोलकीचे कौतुक कराल, ती वाजली तेव्हा कदाचित संगीतकार हयातही नसेल. सीडीवर 'स्टीरिओ' लिहिलेले असल्यासही सावध असावे. १९६३ चे एकमार्गी गाणे डाव्या-उजव्या बाजूंना कृत्रिमरीत्या पसरवलेले असण्याची शक्यताच अधिक.

टप्पा ६ : पार्श्वसंगीतासाठी दुसरे दर्शन

आता चित्रपट पुन्हा लावावा, पण गाणी वगळून. हा एकच प्रसंग आहे, जिथे गाणी पुढे ढकलण्याची मुभा आहे. कागदावर चार रकाने आखावेत : पाठलाग व मारामारी, चमत्कार, खलनायकाचा दरबार, आणि विरह. प्रत्येक प्रसंगी कोणती वाद्ये येतात, आणि कुठे अजिबात संगीत नाही, हे लिहावे. शेवटची नोंद सर्वांत मोलाची असते. कमी खर्चाच्या चित्रपटात सगळीकडे वाद्यवृंद बसवणे परवडत नसे, म्हणून संगीत कुठे ठेवले आणि कुठे गाळले यावरून दिग्दर्शकाला कोणता प्रसंग महत्त्वाचा वाटला हे कळते.

वाद्ये ओळखता येत नसतील तर मोठ्या गटांपासून सुरुवात करावी : तंतुवाद्ये, पितळी वाद्ये, ताल, आणि विजेवर चालणारी वाद्ये. मुंबईच्या स्टुडिओंमधील व्हायोलिन, ट्रम्पेट आणि सॅक्सोफोनच्या खुर्च्यांवर गोव्याचे वादक मोठ्या संख्येने बसत. पाश्चात्त्य स्वरलिपी वाचण्यात ते तयार असल्यामुळे गुंतागुंतीचा तुकडाही थोड्या तालमीत ध्वनिमुद्रित होई. सेबॅस्टियन डिसोझा आणि अँथनी गोन्साल्विस ही त्यांतली ठळक नावे. प्यारेलाल हे गोन्साल्विस यांच्याकडेच व्हायोलिन शिकले. अरबस्तानातल्या दरबारात अचानक पाश्चात्त्य सुरावटींचा भरगच्च वाद्यमेळ ऐकू आला तर तो विसंगती म्हणून झटकू नये. जादूपटाचा अरबस्तान हा दादर-परळच्या स्टुडिओतच वसलेला होता.

नाग आणि गारुडी दिसले की पुंगीच्या आवाजाकडे विशेष लक्ष द्यावे. 'नागिन' (१९५४) मध्ये तो आवाज खऱ्या पुंगीचा नव्हता. कल्याणजींनी तो क्लॅव्हायोलिन या विजेवर चालणाऱ्या वाद्यावर काढला होता, आणि त्यानंतर पडद्यावरच्या नागाला हाच आवाज चिकटला. खऱ्या पुंगीत श्वासाची गुरगुर आणि सोबतचा अखंड खर्ज असतो. क्लॅव्हायोलिनचा स्वर गुळगुळीत आणि घसरता असतो. एकदा हा फरक कानात बसला की कोणत्याही नागपटात पहिल्या दोन सेकंदांत निकाल लावता येतो.

तपासणी : एखाद्या गाण्याची चाल शब्दांविना पार्श्वसंगीतात परत आली का? आली असल्यास प्रसंग, वाद्य आणि लय लिहावी. एकही जागा सापडली नाही, तर नायक-नायिकेच्या ताटातुटीचा प्रसंग पुन्हा ऐकावा. चाल परत येण्याची ती ठरलेली जागा आहे.

टप्पा ७ : पुढचे चित्रपट आणि त्यांचा क्रम

'पारसमणी' नंतर होमी वाडिया यांचा 'ज़बक' (१९६१) घ्यावा. नायक महिपाल तोच आहे, म्हणून फरक संगीतात ऐकू येतो. चित्रगुप्त यांची चाल हलकी, गोड आणि गायकाला श्वास घ्यायला जागा देणारी असते; 'तेरी दुनिया से दूर' ऐकल्यानंतर 'पारसमणी'तले 'हँसता हुआ नूरानी चेहरा' पुन्हा ऐकावे, म्हणजे लक्ष्मीकांत-प्यारेलाल यांनी तालवाद्यांवर किती भार टाकला होता हे लगेच उमगते.

त्यानंतर 'शिकारी' (१९६३). जी. एस. कोहली यांच्या ठेक्यात ओ. पी. नय्यर यांची चाल ओळखू येते, पण 'तुमको पिया दिल दिया' मध्ये लता आणि उषा मंगेशकर यांचे आवाज आहेत. नय्यर यांनी लताबाईंकडून कधीच गाऊन घेतले नाही, त्यामुळे तो ठेका आणि तो आवाज यांचा योग ऐकायचा असेल तर या दुर्लक्षित चित्रपटाकडेच यावे लागते.

पौराणिकात 'जनम जनम के फेरे' (१९५७) चुकवू नये. त्रिपाठींचे 'ज़रा सामने तो आओ छलिये' हे त्या वर्षीच्या बिनाका गीतमालेत सर्वप्रथम आले होते. मोठ्या बॅनरची सारी गाणी त्याच्या मागे राहिली.

'रुस्तम सोहराब' (१९६३) शेवटी ठेवावा, कारण तो सर्वांत अवघड आहे. दिग्दर्शन 'रणांगण'कार विश्राम बेडेकर यांचे, निर्मिती पुढे भयपटांसाठी गाजलेल्या रामसे बंधूंच्या वडिलांची, आणि संगीत सज्जाद हुसेन यांचे. सज्जाद स्वतः असामान्य मेंडोलिनवादक होते आणि त्यांच्या चाली सहजासहजी गुणगुणता येत नाहीत. सुरैया यांचा हा शेवटचा चित्रपट. त्यांचे 'ये कैसी अजब दास्ताँ हो गई है' हे गाणे पहिल्यांदा ऐकताना पुढचा स्वर कुठे जाईल याचा अंदाज प्रत्येक वेळी चुकतो. रफी, मन्ना डे आणि सआदत ख़ान यांचे 'फिर तुम्हारी याद आई ऐ सनम' त्या मानाने सोपे आहे, म्हणून त्यापासून सुरुवात करावी. या चित्रपटाला टप्पा ५ मधील तुलना एकदा पुरत नाही. प्रत्येक गाण्याचा मुखडा पेटीवर काढून पाहावा, आणि जिथे बोट अडेल तिथे खूण करावी.

प्रती आणि टिपणे यांविषयी

प्रत मिळत नसेल तर हक्कधारकांनी स्वतः प्रसारित केलेल्या आवृत्त्या प्रथम शोधाव्यात, आणि अभ्यासासाठी पुण्यातील राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाकडे विचारणा करावी. तुलनेच्या चित्रफिती स्वतः प्रसारित करायच्या असल्यास कायद्याचा हिशेब दोन पातळ्यांवर करावा लागतो : चित्रपटाचा आणि ध्वनिमुद्रणाचा हक्क प्रकाशनानंतर ६० वर्षे टिकतो, पण गीत आणि चाल यांचा हक्क रचनाकाराच्या निधनानंतर ६० वर्षे टिकतो. १९५६ चा चित्रपट मोकळा झाला म्हणून त्यातील गाणे मोकळे झाले, असे समजू नये.

टिपणांच्या प्रत्येक पानावर प्रतीची लांबी आणि ती कुठून मिळाली हे आधी लिहावे. अधिक पूर्ण प्रत हाती आली, तर जुन्या पानावर खाडाखोड न करता नवे पान घालावे आणि टप्पा २ पासून पुन्हा सुरुवात करावी.